सुनेच्या माहेरची चाल

भजनातली चाल म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. अभंगाचे शब्द शेकडो वर्षांपूर्वीचे असतात आणि ते बदलायचे नसतात. चाल मात्र मोकळी असते. गावोगावची भजनी मंडळे ती कुठूनही उचलतात, आणि गेली कित्येक वर्षे 'कुठूनही' याचा अर्थ 'सिनेमातून' असा झालेला आहे. चाल ओळखीची असली की टाळ धरणाऱ्यांना ती शिकवावी लागत नाही, ऐकणाऱ्यांची मान आपोआप हलू लागते, आणि म्हणणारीला शब्दांकडे लक्ष देता येते. शिक्षिका म्हणून मला यात काही गैर वाटत नाही. माहीत असलेल्यावरून माहीत नसलेल्याकडे जावे, हे अध्यापन विद्यालयात आम्हाला अगदी सुरुवातीला शिकवले होते.

स्पर्धांचे संयोजक अध्यापन विद्यालयात गेलेले नसतात. त्यांच्या नियमांत एक कलम ठरलेले असते: सिनेमाच्या चालीस गुण कापले जातील.

मी अणदूरच्या महिला भजनी मंडळात पेटी वाजवते. शाळेत मराठी आणि भूगोल शिकवून निवृत्त झाल्यावर हातांना काही काम हवे होते आणि शाळेने टाकून दिलेली एक पेटी माझ्याकडे होती. मंडळाच्या मुख्य गायिका माझ्या शेजारीण. त्यांचे घर आणि माझे घर यांच्यात एकच भिंत आहे. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते, म्हणून मीही म्हणते. त्यांचा आवाज असा आहे की माइक लावला तर माइकची पंचाईत होते. दोष म्हणायचा तर एकच. कानात शिरलेली चाल त्या कधी विसरत नाहीत, पण ती कुठून शिरली हे त्यांना कधीच आठवत नाही. त्यामुळे प्रत्येक वर्षी त्या एक नवी, स्वतःची, कुणीही कधी न ऐकलेली चाल बांधतात आणि प्रत्येक वर्षी परीक्षक तिचा सिनेमा सांगतात. शेवटच्या खेपेला तर परीक्षक सोफ्यावरून उठले आणि त्यांनी त्या गाण्याचे दुसरे कडवे गुणगुणून दाखवले. मांडव हसला. परतताना टेम्पोत अक्का टाळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि नळदुर्गाचा फाटा येईपर्यंत एक शब्द बोलल्या नव्हत्या.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांच्या घरी सून आली.

अक्कांचा मुलगा माझा विद्यार्थी. तो जहाजावर फिटर आहे. आखातातल्या एका बंदरात त्याची तिथल्या हॉटेलात काम करणाऱ्या एका मुलीशी ओळख झाली, लग्न झाले आणि घरी फोटो आला. मुलगी फिलिपाइन्सची होती. अक्कांनी तो फोटो देवघरात ठेवला नाही आणि फाडलाही नाही. टीव्हीच्या मागे ठेवला. मग दोघे आले. मुलगा महिनाभर राहिला, विहिरीवरची मोटार बसवली, घरातले सगळे पंखे उघडून साफ केले आणि जहाजावर परत गेला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तो येणार नव्हता. घरात दोघी उरल्या.

अक्कांचे माहेर सीमेपलीकडचे. त्यांना कन्नड आणि मराठी येते. सुनेला इलोकानो ही तिची मातृभाषा, तगालोग ही तिच्या देशाची भाषा, इंग्रजी आणि हॉटेलात लागेल तेवढी हिंदी येत होती. घरात सहा भाषा होत्या आणि संभाषण नव्हते.

"काय बोलू, बाई?" अक्का मला म्हणाल्या. "शब्दच न्हाय. हातवारे कराय मी काय चौकातला पोलीस हाय?"

"हिंदीत बोला की थोडं."

"माझी हिंदी ऐकून ती दोन दिस जेवली न्हाय."

हे खरे नव्हते. सून जेवत होती. पण अक्का तिला पाहुण्याला वाढावे तसे वाढत, आग्रह करून, न बोलता, आणि स्वतः नंतर बसत. सून संध्याकाळी माझ्याकडे येई, कारण गल्लीत इंग्रजी समजणारी मी एकटी होते. ती मला मॅम म्हणे. सासूला ती 'नानाङ' म्हणत असे; त्यांच्याकडे आईला तसे म्हणतात. शेवटचे अक्षर नीट पाहावे. वर्णमालेतला ङ आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो आणि पुढे कधी वापरत नाही. तो तिच्या भाषेत कायम नोकरीवर आहे. मला याचा आनंद झाला. अक्कांना झाला नाही. त्या या हाकेला कधी ओ देत नसत.

एके दिवशी सून म्हणाली, "मॅम, एकदा भांडण झालं तर बरं होईल."

मी कारण विचारले.

"माझी आई रोज भांडायची. तांदूळ जास्त शिजला म्हणून, केस मोकळे सोडले म्हणून. इथं नानाङ मला रागावतसुद्धा नाहीत. मी कपबशी फोडली, तर त्यांनी तुकडे उचलले आणि माझ्याकडं बघून हसल्या. पाहुण्याकडं बघून हसतात तसं."

तिच्या नवऱ्याने फोनवर सांगितले होते की संक्रांतीपर्यंत बघ, नाहीच जमले तर तिकीट काढतो, आईकडे जाऊन राहा. तिकीट परतीचे असणार की नाही, याबद्दल ती काही बोलली नाही. मला ते तिच्या बॅगेवरून कळले. आपण मुक्कामाला जातो तेव्हा बॅग पलंगाखाली ढकलतो. तिची बॅग दाराजवळ उभी होती, हँडल वर काढलेले.

मी हे अक्कांना सांगितले. त्या बराच वेळ ज्वारी निवडत राहिल्या. "जाईना का," म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "गेली तर पोरगं बी तिकडंच जाईल, बाई. त्यो काय हितं पंखे पुसाय येनार हाय का?"

सुनेची एक सवय होती. दुपारची भांडी घासताना ती हौदाच्या कठड्यावर फोन उभा करून गाणी लावी आणि त्यांच्याबरोबर म्हणे. गाणी इलोकानो भाषेतली होती. मी नकाशाचे पुस्तक काढून तिच्याकडून जागा नीट दाखवून घेतली. लुझॉन बेटाच्या वायव्येला समुद्र आणि डोंगर यांच्यामध्ये चिंचोळी पट्टी आहे. तिथले हे लोक. जमीन थोडी. तंबाखू, लसूण आणि भात ही पिके. त्यामुळे घरटी एक तरी माणूस बाहेर, आणि त्यातले पुष्कळ हवाई बेटांवर. त्यांची गाणी साधारणपणे दोन प्रकारची असतात, असे माझ्या लक्षात आले: एकात माणूस मुलीला मागणी घालायला जातो आणि त्याची फजिती होते, दुसऱ्यात कुणीतरी दूर गेलेले असते. पहिला प्रकार जलद, दुसरा संथ. गिटार दोन्हींत. पूर्वी ही गाणी कॅसेटवर विकत, आता फोनवर असतात, आणि कोणत्याही बारशा-लग्नात पाहुणे ती कॅराओके यंत्राच्या माइकवर म्हणतात. म्हणून झाले की यंत्र गुण देते.

"यंत्र चाल कुठली ते विचारतं का?" मी विचारले.

"नाही, मॅम. यंत्राला फक्त आवाज मोठा लागतो."

असे यंत्र तालुक्यात असते तर अक्कांचा पहिला क्रमांक कधीच चुकला नसता.

पावसाळा सरता सरता एका दुपारी अक्का माझ्याकडे आल्या. दार लोटून घेतले. भिंतीपलीकडे भांडी आणि गाणे चालू होते.

"ऐकायलाव का?"

"रोजच ऐकते."

"ही चाल कुनाच्या बापाला ओळखू येनार न्हाय." त्या हळू आवाजात बोलत होत्या. "पेटीवर काढून द्या मला. तिला इचारू नका मातर."

"विचारलं तर आनंदानं सांगेल ती."

"इचारायचं न्हाय म्हनलं ना. सुनंकडनं चाल मागून घेतली, असं व्हायला नको."

मी स्वरलेखन भिंतीतून केले. एका बाजूला भांडी आपटत असताना कोमल आणि शुद्ध निषाद वेगळा ओळखणे सोपे नाही, पण गाणे ती रोज म्हणत होती, त्यामुळे तपासून घेता आले. मग अभंग बसवायचा होता. अभंगाचे तीन चरण सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. या गाण्याच्या ओळी त्याहून लांब होत्या. उरलेल्या जागी आम्ही 'विठ्ठल विठ्ठल' घातले. जगातल्या कोणत्याही चालीत उरलेली जागा या नामाने भरून निघते, असा माझा अनुभव आहे.

सराव माझ्या पुढच्या खोलीत होई. मृदंग आमच्यात गिरणीवाली वाजवते. तिची पिठाची गिरणी बसस्टँडमागे आहे आणि तिला मोठ्याने बोलायची सवय तिथेच लागली आहे. अक्कांनी चाल एकदा म्हणून दाखवली.

"लई गोड हाय, अक्का," गिरणीवाली म्हणाली. "कुठल्या पिच्चरची?"

"कुठल्याच न्हाय."

"मागल्या साली बी तुमी असंच म्हनला हुता."

"अगं, बाईंना इचार. त्यांनी लिवून काढलीय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी सांगितले की माझ्या माहितीप्रमाणे ही भारतातल्या कोणत्याही सिनेमातली चाल नाही. वाक्य बरोबर होते. त्यात कितपत जागा मोकळी आहे, हे मला दुसऱ्या दिवशी कळले.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती टाळमृदंगावर घेतली. दुसऱ्या चरणापर्यंत गेलो असू, तेव्हा सून दारात आली. कोपरापर्यंत साबणाचा फेस होता. ती ऐकत उभी राहिली, मग हसू लागली, आणि हसता हसता उंबऱ्यावर बसली. अक्कांनी टाळ थांबवले.

"काय झालं इचारा तिला."

मी विचारले. सून म्हणाली, "मॅम, ही चाल आमची नाही. अमेरिकेतली आहे. आमच्या एका गायकानं त्यावर आमचे शब्द बसवले. आमच्याकडं तसंच करतात. चाल माहीत असली की लोकांना गाणं लवकर येतं."

मी भाषांतर केले. मग गिरणीवाली म्हणाली, "म्हंजे तिकडं बी असंच हाय व्हय! मग परीक्षक आपल्यालाच का मारतेत?"

अक्कांनी फक्त एक गोष्ट विचारायला सांगितली. "पिच्चरात हाय का ते इचारा."

"हो," सून म्हणाली. "दोन-तीन सिनेमांत असेल."

"आता?" एकीने विचारले.

"आता काय?" गिरणीवाली म्हणाली. "त्या परीक्षकाला अमेरिकेचं काय कळतंय? म्हना बिनधास्त."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. मी नियम आठवून सांगितला. त्यात सिनेमाची चाल एवढेच म्हटले आहे; सिनेमा कोणत्या देशाचा असावा, हे दिलेले नाही. तेव्हा अमेरिकेचाही त्यात येतो.

"बाई, तुमी आमच्या बाजूच्या का त्यांच्या?"

"ऱ्हाऊ दे," अक्का म्हणाल्या. "त्यो मानूस पुन्ना सोफ्यावरनं उठला तर मला बघवनार न्हाय."

सून अजून उंबऱ्यावरच होती. तिला बोलण्याचा रोख कळला असावा. ती म्हणाली की आमच्या स्वतःच्या चालीही पुष्कळ आहेत, तिथेच बांधलेल्या, कुठून न घेतलेल्या. हे मी अक्कांना सांगितले, आणि सांगत असतानाच अडचण माझ्या ध्यानात आली. त्या फोनवरल्या गाण्यांत घरची चाल कोणती आणि बाहेरची कोणती, हे भिंतीतून ऐकून कळणार नव्हते. पेटीवर दोन्ही सारख्याच वाजतात. ते फक्त सुनेला माहीत होते.

"बाई, इचारा की तिला," अक्का म्हणाल्या.

"तुम्ही विचारा."

"मला कुठं येतंय?"

"तिला कळेल तसं विचारा." एका मुलाची शंका दुसऱ्याने विचारली की उत्तर दोघांनाही समजत नाही, हे मी वर्गात पुष्कळ पाहिले आहे. मी पेटीचा भाता बंद केला आणि हात मांडीवर ठेवले.

अक्का टाळाच्या दोरीशी खेळत राहिल्या. गिरणीवालीने हसू दाबले. मग अक्का सुनेकडे वळल्या आणि त्यांनी विचारले. पण मराठीत नाही, हिंदीतही नाही, कन्नडमध्ये. गडबडल्या की त्या माहेरच्या भाषेत जातात. चार-पाच वाक्ये बोलल्या. मला त्यातले हाडू म्हणजे गाणे एवढेच कळले. सुनेला तेही कळायचे कारण नव्हते. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले, फेसाचे हात साडीला पुसले आणि म्हणाली,

"वेन, नानाङ."

वेन म्हणजे होय.

त्या दिवसापासून दुपारी दोघी अक्कांच्या ओट्यावर बसू लागल्या. मी पेटी घेऊन मध्ये. सून एक एक गाणे म्हणे, आणि ते कुणी बांधले, तिला कसे माहीत, हे मला सांगे. शंका असलेली चाल ती स्वतःच बाजूला काढी. या बाबतीत ती माझ्यापेक्षा कडक निघाली. अक्कांना अर्थाशी कर्तव्य नव्हते. त्या डोळे मिटून फक्त चाल ऐकत, आणि सगळ्यांत जास्त आवडली त्यांना एका दारुड्याची. तो लग्नाला म्हणून भलत्याच घरच्या मांडवात जाऊन बसतो, असे ते गाणे होते. चालीला ठेका सुरेख होता. पण सून ऐकेना. देवापुढे हे चालणार नाही, ती म्हणाली, आणि कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना बोटे लावली. शब्द येणार नाहीत, नुसती चाल येणार आहे, असे मी समजावले. तिने मान हलवली. "देवाला चाल ऐकूनच कळेल, मॅम."

"काय म्हनती?"

"दारुड्याची नको म्हणते."

"बरं हाय की मग," अक्का म्हणाल्या. त्यांच्या स्वरात प्रथमच थोडा मान होता.

शेवटी निवडली ती दुसऱ्या प्रकारची, संथ. तिच्याच गावातल्या एका माणसाने ती बांधलेली होती. तिच्या लहानपणी तो गावच्या जत्रेत स्वतः गिटार घेऊन ती म्हणत असे, आणि खाली उतरल्यावर 'माझीच आहे' असे सगळ्यांना सांगत फिरत असे. एवढा पुरावा मला पुरेसा वाटला.

अडचण शिकवताना आली. अक्का कोणतीही ओळ सरळ म्हणू शकत नाहीत. प्रत्येक ठिकाणी त्यांचा आवाज एक वळण घेतो, दोन पायऱ्या चढतो, उतरतो आणि मग जागेवर येतो. आमच्याकडे याला गायकी म्हणतात. सून प्रत्येक वेळी थांबवी.

"सान, नानाङ." सान म्हणजे नाही. मग ती ओळ सरळ म्हणून दाखवी, परातीत भाकरी थापावी तितकी सपाट.

अक्का पुन्हा म्हणत. पुन्हा वळण येई.

"सान."

"अक्का," गिरणीवाली ओट्याखालून म्हणाली. ती पिठाचा डबा द्यायला आली होती. "सून शिकवायलीय तुमाला!"

मला वाटले, आता संपले. अक्कांनी गिरणीवालीकडे पाहिले, सुनेकडे पाहिले. "डबा ठिव आनि जा," म्हणाल्या. आणि ओळ म्हटली. सरळ. कुठेही न वळता. अक्कांचा आवाज मी तीस वर्षे ऐकते आहे. तो असा मोकळा कधी ऐकला नव्हता. सून पुढच्या ओळीवर गेली.

स्पर्धा मार्गशीर्षात, शेजारच्या एका गावच्या सप्ताहात होती. आमचा खंडोबा दरवर्षी काही काळ नळदुर्गाच्या देवळात असतो; तेव्हा तो तिकडे मुक्कामाला होता आणि आमच्या गावात तेवढ्यापुरती सामसूम होती. टेम्पोत बसण्यापूर्वी अक्कांनी सुनेला स्वतःची इरकल नेसवली, पुढून पाहिले, मागून पाहिले, आणि बाजारात म्हैस पाहून घ्यावी तशी 'चालतंय' म्हणाल्या. तिला टाळ देऊन शेवटच्या रांगेत बसवले.

परीक्षक तेच होते. आम्ही अभंग सुरू केल्यावर ते सोफ्यात पुढे सरकून बसले. पहिल्या चरणाला त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्याला उघडले. तिसऱ्याला त्यांच्या चेहऱ्यावर मला तो भाव दिसला, जो न शिकवलेल्या धड्यावर प्रश्न आल्यावर हुशार मुलाच्या चेहऱ्यावर येतो. अभंग संपला. त्यांनी माइक मागवला.

"चाल कोणत्या चित्रपटातली आहे?"

"कुठल्याच न्हाय," अक्का म्हणाल्या.

"मग पारंपरिक आहे का?"

अक्का थांबल्या. मी पेटीवरून पाहत होते. 'पारंपरिक' म्हटले असते तर विषय मिटला असता. पण तो गिटारवाला माणूस अजून जिवंत होता, आणि हे अक्कांना माहीत होते.

"माझ्या सुनंच्या म्हायरची हाय," त्या म्हणाल्या.

"माहेर कुठलं?"

"लांब हाय."

"म्हणजे? कोणता तालुका?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिले. मी उभी राहून देश, बेट आणि दिशा सांगितली. परीक्षकांनी ते लिहून घेतले आणि 'लुझॉन' पुन्हा एकदा सावकाश म्हणायला सांगितले. नंतर म्हणाले की खात्रीसाठी मूळ गाणे ऐकावे लागेल. सूनबाई आल्या आहेत का?

शेवटच्या रांगेतून तिला पुढे आणले. माइक तिच्या उंचीला खाली करावा लागला. तिने डोळे न मिटता, हात न हलवता, सरळ गाणे म्हटले. पहिल्या कडव्याला मांडव गप्प होता. दुसऱ्या कडव्याला, चाल आता ओळखीची झाल्यामुळे, मागच्या बायकांनी टाळ्या धरल्या. अध्यापन विद्यालयातला सिद्धांत तिथे पुन्हा सिद्ध झाला.

"अर्थ काय?" परीक्षकांनी मला विचारले.

मी माइकवर अर्थ सांगितला. तो मला सुनेने शिकवताना सांगितला होता. "एक माणूस गावातच राहिला आहे. जी दूर गेली तिला तो विचारतो आहे: तू जेवलीस का? तिथं थंडी वाजते का? तुझ्याशी कुणी बोलतं का?"

"म्हणजे विरह."

"विरह."

"देव आणि भक्त?"

"तसाही घेता येईल."

परीक्षकांनी मान डोलावली आणि लिहिले. मी बसले, तेव्हा अक्का माझ्याकडे पाहत होत्या. इतके दिवस त्यांनी अर्थ विचारला नव्हता, मीही सांगितला नव्हता. त्यांनी तो त्या वेळी, माइकवरून, गावाबरोबर ऐकला.

निकालात आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. चालीचे गुण पूर्ण होते. ठरलेल्या वेळेपेक्षा अधिक वेळ घेतल्याबद्दल मात्र कापले होते.

"त्यानंच म्हनाय लावलं की!" टेम्पोत गिरणीवाली ओरडत होती. "त्यानंच माइक दिला आनि त्यानंच येळ मोजला!" बाकीच्या तिला साथ देत होत्या. नळदुर्गाचा फाटा मागे पडल्यावर अक्कांनी मला कोपराने हलवले.

"बाई. जेवलीस का, ह्याला त्यांच्यात काय म्हनतेत?"

"ती इथंच बसली आहे. तिला विचारा."

सून फाळक्याला टेकून झोपली होती. अक्कांनी तिला उठवले नाही. पदर तिच्या पायांवर सरकला होता तो नीट केला, आणि मला पुन्हा विचारले. मला माहीत होते, म्हणून मी सांगितले. नाङानकान. त्यात पुन्हा ङ आहे. अणदूर येईपर्यंत अक्का तो ओठांत घोळवत होत्या आणि त्यांना तो नीट जमला नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडे आवाज चढले. अक्का कारली चिरून, मिठात पिळून, कडू पाणी ओतून देत होत्या. सुनेच्या गावाकडे कारल्याचा कडूपणा ठेवतात. तेच ओतून दिल्यावर उरते काय, असे तिचे म्हणणे असावे. अक्का मराठीत सुरू झाल्या आणि कन्नडमध्ये गेल्या. सून हिंदीत सुरू झाली आणि इलोकानोत गेली. कारल्यावरून भांडण मिठावर गेले, मिठावरून, मला वाटते, कपबशीवर गेले, आणि तिथून पुढच्या वर्षीच्या चालीवर, कारण मध्येच अक्कांनी दारुड्याच्या गाण्याची एक ओळ भरपूर वळणे घेऊन म्हटली आणि सून 'सान! सान!' असे ओरडली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. अक्कांचा मुलगा होता, जहाजावरून.

"बाई, घरी काय झालंय? दोघींतली एक पण फोन उचलंना."

"भांडण चालू आहे."

"भांडण?" तो घाबरला. "कशावरनं?"

"सध्या चालीवरून. सुरुवात कारल्यावरून झाली."

"लई मोठं हाय का?"

मी फोन भिंतीजवळ धरला. त्याने थोडा वेळ ऐकले. त्याच वेळी पलीकडे अक्का ताट आपटून म्हणाल्या, "नाङानकान? न्हाय ना? मग बस आधी! भांडू मग!" ङ अजूनही बरोबर नव्हता. सुनेने तो दुरुस्त करून सांगितल्याचे मी ऐकले. मग पाट सरकल्याचा आवाज आला. एक, आणि लगेच दुसरा.

मी फोन कानाला लावला.

"बाई," तो म्हणाला, "आज तिकिटाचं इचारायचं हुतं तिला."

"आत्ता नको विचारू," मी म्हणाले. "जेवायला बसल्या आहेत."